फेस न आलेली जखम : शरीरातल्या अँटिऑक्सिडंट विकरांचा शोध कसा लागला

आज आपण एका अगदी घरगुती दृश्यापासून सुरुवात करू. मूल खेळताना पडतं, गुडघा फुटतो, आणि दवाखान्यात कंपाउंडर जखमेवर बाटलीतलं पाण्यासारखं दिसणारं औषध ओततो. चरचरतं, आणि जखमेवर पांढरा फेस येतो. आपल्यापैकी बहुतेकांनी हा फेस पाहिलाय आणि बहुतेकांना लहानपणी सांगितलं गेलंय की बघ, जंतू मरतायत. काही जंतू मरतातही, पण तो फेस जंतूंचा नसतो. ते औषध म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि फेस म्हणजे त्यातून सुटणारा ऑक्सिजन. तो सुटतो आपल्याच रक्तामुळे आणि फुटलेल्या पेशींमुळे. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर हेच औषध टाकून बघा, तसाच फेस येईल. उकडलेल्या बटाट्यावर येणार नाही. म्हणजे जे काही हे काम करतं ते जिवंत पेशीत असतं आणि उष्णतेनं मरतं.

त्याचं नाव कॅटालेज. ते एक एन्झाइम आहे, मराठीत आपण विकर म्हणतो. आजचा विषय या कॅटालेजचा आणि त्याच्या भाऊबंदांचा इतिहास आहे. हल्ली अँटिऑक्सिडंट हा शब्द ग्रीन टीच्या पाकिटापासून तोंडाला लावायच्या क्रीमपर्यंत सगळीकडे छापलेला असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की अँटिऑक्सिडंट म्हणजे बाहेरून घ्यायची वस्तू. पण हे काम मुख्यतः शरीरात बनणारी विकरं करतात. त्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट आम्हाला सारखी जाणवली. ही विकरं आधी सापडली आणि पुष्कळ नंतर कळली. आणि कळली तीही बहुधा कुणाच्या तरी शरीरात ती नव्हती म्हणून.

हायड्रोजन पेरॉक्साइड पहिल्यांदा बनवलं ते फ्रान्सच्या थेनार या रसायनशास्त्रज्ञानं, १८१८ साली. प्राण्यांच्या ऊती त्यात पडल्या की ते फसफसून जातं हे त्याच्याही नजरेस आलं होतं. पुढं ऐंशीएक वर्षं ही एक गंमतीची रासायनिक क्रिया म्हणून पुस्तकात राहिली. १९०१ साली ऑस्कर लोव या शास्त्रज्ञानं अमेरिकेच्या शेती खात्यासाठी तंबाखूच्या पानांवर काम करताना दाखवलं की यामागं एक स्वतंत्र विकर आहे, आणि ते जवळपास सगळ्याच सजीवांत आहे. कॅटालेज हे नाव त्याचंच. १९३७ साली सम्नर आणि डाउन्स यांनी गाईच्या यकृतातून त्याचे स्फटिक काढले. (या सम्नरचा डावा हात तरुणपणी शिकारीत गेला होता, आणि एका हातानं प्रयोगशाळेत काय होणार, असं त्याला सांगितलं गेलं होतं. त्याला पुढं नोबेल मिळालं.) इतकं सगळं झालं, पण हे विकर शरीरात कशासाठी असतं, ते नसलं तर काय बिघडेल, हे कुणी दाखवलेलं नव्हतं.

ते कळलं जपानमध्ये. १९४६ साल, युद्ध नुकतंच संपलेलं. ओकायामा इथले कान-नाक-घशाचे डॉक्टर शिगेओ ताकाहारा यांच्याकडं अकरा वर्षांची एक मुलगी आली. तिच्या तोंडात, वरच्या जबड्यापाशी मांस सडत चाललं होतं. ताकाहारांनी शस्त्रक्रिया करून सडका भाग काढला आणि नेहमीच्या सवयीनं जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. फेस आलाच नाही. उलट रक्त तपकिरी-काळं पडलं. त्यांना पहिल्यांदा वाटलं की नर्सनं चुकून भलतीच बाटली दिली, सिल्व्हर नायट्रेटची. कारण सिल्व्हर नायट्रेटनं ऊती अशा काळ्या पडतात.

इथं एखादा डॉक्टर नर्सला ओरडून पुढच्या रुग्णाकडं वळला असता. ताकाहारा थांबले. बाटलीत चूक नव्हती, मुलीच्या रक्तातच काहीतरी कमी होतं. कॅटालेज नव्हतं. ते नसल्यामुळं पेरॉक्साइडचं विघटन झालं नाही, आणि त्यानं थेट हिमोग्लोबिनवर हल्ला केला. रक्त काळं पडलं ते म्हणून. तिच्या भावंडांपैकी काहींच्या रक्तातही हाच दोष निघाला, म्हणजे प्रकार आनुवंशिक. त्यांनी काही वर्षांनी, १९५२ मध्ये, 'लान्सेट'मध्ये हे लिहिलं तेव्हा जगाला कळलं. तोंड का सडत होतं याचंही उत्तर त्यातच मिळतं. आपल्या तोंडात राहणारे काही जंतू स्वतःच थोडं थोडं पेरॉक्साइड सोडत असतात. तुमच्या-आमच्या हिरडीत कॅटालेज ते तिथल्या तिथं निकालात काढतं. त्या मुलीच्या हिरडीत ते साचत गेलं.

आता गोष्ट इथं संपली असती तर फार सोपी होती: कॅटालेज नाही, म्हणून आजार. पण जपानमध्ये शोध घेतला तसे कॅटालेज नसलेले आणखी लोक सापडले, आणि त्यांतले कितीतरी ठणठणीत होते. १९६० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये सैन्यात भरती होणाऱ्या जवानांचं रक्त मोठ्या संख्येनं तपासलं गेलं, तिथंही असे काही निघाले. तरुण, धट्टेकट्टे, तक्रार काही नाही. मग प्रश्न उभा राहतो, की हे विकर इतकं महत्त्वाचं असेल तर त्याच्यावाचून माणूस चालतो कसा?

याचं उत्तर देण्याआधी थोडं मागं जाऊ, कारण मुळात पेशीत हे पेरॉक्साइड येतं कुठून हे बघायला हवं.

ऑक्सिजनला आपण प्राणवायू म्हणतो. नाव इतकं चांगलं दिलंय की त्याची दुसरी बाजू सुचतच नाही. फ्रान्सच्या पॉल बेर यानं १८७८ मध्ये दाखवलं होतं की दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला की प्राण्यांना झटके येतात आणि ते मरतात. १८९९ मध्ये लॉरेन स्मिथनं दाखवलं की जास्त ऑक्सिजननं फुप्फुसं सुजतात. पाणबुड्यांना हे माहीत होतं. पण नवजात बाळांच्या वॉर्डात हे ज्ञान पोचलं नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत आणि इतर श्रीमंत देशांत चांगले, घट्ट बंद होणारे इनक्युबेटर आले, आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांना सढळ हातानं ऑक्सिजन दिला जाऊ लागला. १९४२ मध्ये बॉस्टनच्या टेरी या डॉक्टरांनी अशा बाळांमध्ये अंधत्वाचा एक नवाच प्रकार नोंदवला. जिथं सोयी चांगल्या तिथंच तो जास्त. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं: हे ऑक्सिजनमुळं होत असावं. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून चाचणी केली आणि ते खरं निघालं. तोवर जगात सुमारे १०,००० मुलं आंधळी झाली होती. आणि मग लंबक उलट्या बाजूला गेला. ऑक्सिजन इतका आखडता घेतला गेला की काही बाळं त्याअभावी दगावली. आजही आपल्याकडं कमी दिवसांच्या बाळांचे डोळे तपासतात ते याचसाठी. या अंधत्वात डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या वाढीचा भाग मोठा आहे, सगळा दोष आपल्या विषयातल्या विकरांवर टाकता येणार नाही. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की फुप्फुसातली ही संरक्षक विकरं गर्भात शेवटच्या टप्प्यात वाढतात. म्हणजे लवकर आलेलं बाळ या बाबतीत पुरतं तयार नसतं.

नेमक्या त्याच वर्षी, १९५४ मध्ये, एका अर्जेंटिनी बाईंनी ऑक्सिजन विष का आहे हे सांगितलं. त्यांचं नाव रेबेका गेर्शमान. ब्वेनोस आयरेसला शिकलेल्या, अमेरिकेत रॉचेस्टरला काम करत होत्या. त्यांनी आणि डॅनियल गिल्बर्ट वगैरे सहकाऱ्यांनी मांडलं की जास्त ऑक्सिजननं मरणारा उंदीर आणि क्ष-किरणांनी मरणारा उंदीर एकाच कारणानं मरतात. दोन्हीकडं पेशीत मुक्त मूलकं, म्हणजे फ्री रॅडिकल, तयार होतात. मूलक म्हणजे ज्याचा एक इलेक्ट्रॉन एकटा पडलाय असा रेणू. तो जोडीदार मिळवण्यासाठी शेजाऱ्याकडून ओढून घेतो, मग शेजारी एकटा पडतो, तो पुढच्याला धरतो. सार्वजनिक नळावर एकानं दुसऱ्याची कळशी उचलली की पुढं काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. गेर्शमानबाईंचं म्हणणं तेव्हा पुष्कळांना पटलं नाही. जिवंत शरीरात असले भडक रेणू टिकतील कसे, असा आक्षेप होता.

आक्षेप बरोबर होता. ते टिकत नाहीत. त्यांना कुणीतरी संपवत असतं. फक्त तो कोण, हे माहीत नव्हतं.

आणि इथं आपल्या इतिहासातली आमची सगळ्यात आवडती गोष्ट येते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात अर्विन फ्रिडोविच नावाचे प्राध्यापक आणि जो मॅककॉर्ड हा त्यांचा विद्यार्थी झँथिन ऑक्सिडेज नावाच्या वेगळ्याच विकरावर काम करत होते. त्यात एक किचकट गोष्ट होती. एका ठरावीक क्रियेत कार्बॉनिक अनहायड्रेज हे प्रथिन टाकलं की क्रिया थांबायची. ते का थांबवतं याची बरीच स्पष्टीकरणं करून झाली होती. मॅककॉर्डला उमगलं की थांबवणारं ते प्रथिन नव्हतंच. विकत आणलेल्या बाटलीत जी थोडी भेसळ होती, ती थांबवत होती. वाणसामानातला खडा निवडताना तो खडाच हिरा निघावा तसं झालं. त्या क्रियेत ऑक्सिजनला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटून सुपरऑक्साइड नावाचं मूलक तयार होत होतं, आणि ही भेसळ त्याला विलक्षण वेगानं नाहीसं करत होती.

मग त्यांनी गाईच्या रक्तातून ती 'भेसळ' शुद्ध करून काढली. निळसर-हिरवं, तांबं असलेलं एक प्रथिन हाती आलं. आणि ते ओळखीचं निघालं! केंब्रिजमध्ये मान आणि केलिन यांनी १९३८ मध्येच ते गाईबैलांच्या रक्तातून काढून हिमोक्युप्रिन असं नाव देऊन ठेवलं होतं. एकतीस वर्षं ते बाटलीत होतं, पुस्तकात होतं, आणि तांबं साठवून ठेवण्यापलीकडं त्याचं काही काम असेल असं कुणाला दिसलं नव्हतं. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी त्याला नवं नाव दिलं, सुपरऑक्साइड डिसम्युटेज. आपण त्याला यापुढं एसओडी म्हणू.

एसओडी काय करतं? दोन सुपरऑक्साइड घेतं. एकाचा परत साधा ऑक्सिजन करतं, दुसऱ्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड. म्हणजे पेरॉक्साइड येतं कुठून, या मघाच्या प्रश्नाचं एक मोठं उत्तर हे. आगीतून काढून फुफाट्यात, असं वाटेल. पण हा फुफाटा विझवायला पुढं कॅटालेज उभं आहे. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, आणि त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो रेणूंचा निकाल लावतो. दोघांचं काम जोडीनं चालतं, एक नसेल तर दुसऱ्याच्या कामाला अर्थ कमी.

१९६९ चा शोध आल्यावर गेर्शमानबाईंच्या म्हणण्याकडं लोक नव्यानं बघू लागले. शरीर ज्याच्याविरुद्ध एवढं खास विकर बाळगतं, ती वस्तू शरीरात असणारच, हा तर्क साधा होता. पाठोपाठ एसओडीचे आणखी प्रकार सापडले. त्यातला एक मँगनीज असलेला. तो आधी जिवाणूत मिळाला आणि मग कोंबडीच्या यकृतात, पेशीतल्या मायटोकाँड्रिया या ऊर्जा तयार करणाऱ्या भागात. मायटोकाँड्रिया हे कधीकाळी पेशीत येऊन राहिलेले जिवाणूच, असं आज आपण मानतो. तर हा भाडेकरू येताना आपली सुरक्षाव्यवस्थाही घेऊन आला, असं म्हणायला हरकत नाही. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला. त्यात टिकायचं तर असली काहीतरी सोय लागणारच होती. १९९५ मध्ये हा मँगनीजवाला एसओडी नसलेले उंदीर जनुकीय तंत्रानं तयार केले, तेव्हा ते जन्मानंतर दहाएक दिवसांत मेले.

आता स्विस जवानांकडं वळू. कॅटालेज नसताना ते ठणठणीत कसे?

कारण पेरॉक्साइड विझवणारं दुसरं विकर शरीरात आहे. १९५७ मध्ये टेक्सासच्या गॉर्डन मिल्स यांनी तांबड्या पेशींत ते शोधलं, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. ग्लुटाथायोन हा पेशीतला एक छोटा रेणू, तो स्वतः खर्ची पडून पेरॉक्साइडचं पाणी करतो. रोजचं थोडं थोडं पेरॉक्साइड हे विकर हाताळतं, लोंढा आला की कॅटालेज. (हे विकर बनवायला सेलेनियम हे मूलद्रव्य लागतं असं १९७३ मध्ये कळलं. चीनमध्ये ज्या भागांत मातीत सेलेनियम फार कमी, तिथं केशान नावाचा हृदयविकार मुलांना आणि बायकांना व्हायचा, आणि सेलेनियमच्या गोळ्यांनी तो खूप कमी झाला. त्यावर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल.)

पण ग्लुटाथायोन खर्ची पडतं, तर ते परत भरायला हवं. ती भरपाई करण्यासाठी लागणारा कच्चा माल पुरवतं जी-सिक्स-पीडी नावाचं विकर. तांबड्या पेशीत त्याला पर्याय नाही. तिथं मायटोकाँड्रिया नसतात, केंद्रक नसतं, झीज झाली तर नवीन प्रथिन बनवायची सोय नसते. आणि इथं हा विषय आपल्या घरात येतो.

प्रायमाक्विन हे हिवतापाचं औषध. ते घेतल्यावर काही लोकांना एकाएकी लघवी काळसर होऊन कावीळ होते, रक्त झरझर कमी होतं. १९५६ मध्ये अमेरिकेत कळलं की या लोकांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी कमी असतं. हे संशोधन इलिनॉयमधल्या तुरुंगातल्या कैद्यांवर झालं होतं. कैद्याच्या 'संमती'ला कितपत संमती म्हणावं, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही, आज विचारायला हवा. औषध पेशीत पेरॉक्साइड वाढवतं, ग्लुटाथायोन भरून येत नाही, आणि पेशी फुटतात. दोष आईकडून मुलाकडं येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून त्रास मुख्यतः पुरुषांना. १९६० च्या दशकात मुंबईत पारशी समाजाची तपासणी झाली तेव्हा त्यांच्यात हा दोष बराच आढळला. आदिवासी समाजांसह आपल्याकडच्या इतर अनेक समाजांतही तो आहे. जिथं हिवताप फार, तिथं हा दोष जास्त, कारण अशा पेशीत हिवतापाचा परोपजीवीही नीट वाढत नाही. म्हणजे रोगापासून वाचवणारी गोष्टच त्या रोगाच्या औषधाला आड येते.

आणि औषधच कशाला? आपल्याकडं बाळंतिणीसाठी आणि बाळासाठी जुनी मऊ लुगडी, दुपटी, गोधड्या ट्रंकेतून काढायची पद्धत आहे. त्यात वर्षभर डांबराच्या गोळ्या असतात. त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन श्वासातून आणि त्वचेतून बाळाच्या अंगात जातं, आणि जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या बाळाला जबर कावीळ होऊ शकते. ती मेंदूपर्यंत गेली तर मूल कायमचं अधू होतं. लहान बाळाच्या हातापायांना मेंदी लावल्यानंही असं झाल्याच्या नोंदी आहेत. ते कपडे धुऊन, उन्हात चांगले वाळवून मगच वापरा, किंवा बाळासाठी डांबरगोळ्यांतले कपडे वापरूच नका, हे आम्ही इथं मुद्दाम सांगतो. व्याख्यानातलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल.

आता गोळ्यांबद्दल, कारण प्रश्नोत्तरांत तो प्रश्न येणारच. मूलकं वाईट, अँटिऑक्सिडंट चांगली, मग बाहेरून भरपूर घ्यावी, हे १९७० आणि ८० च्या दशकात जवळजवळ सगळ्यांना पटलं होतं, शास्त्रज्ञांनाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटीन दिलं, अपेक्षा अशी की फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये तो १८ टक्के जास्त होता. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, तिथंही आकडा उलटाच. गाजर खाऊ नका असा याचा अर्थ नाही, गाजर जरूर खा. पण विकर एका जागी, एका कामासाठी, हवं तेव्हा काम करतं. गोळीतला रेणू शरीरभर फिरतो, आणि काही वेळा स्वतःच मूलकासारखा वागतो. शिवाय आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला सुपरऑक्साइडच वापरतात. ज्यांच्यात ते बनत नाही त्या मुलांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. तेव्हा मूलकं म्हणजे नुसते शत्रू, हेही खरं नाही.

शेवटची गोष्ट सांगून थांबतो. १९९३ मध्ये असं आढळलं की घराण्यात चालत येणाऱ्या एएलएस या आजाराच्या काही कुटुंबांत, ज्यात हातापायाचे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जातात, तांब्याच्या एसओडीचं जनुक बिघडलेलं असतं. सगळ्यांना वाटलं, उघड आहे, विकर कमी पडतं म्हणून चेतापेशी मरतात. ताकाहारांच्या मुलीसारखीच गोष्ट. पण हे विकर अजिबात नसलेल्या उंदरांना तो आजार झाला नाही. उलट बिघडलेलं विकर ज्यांच्यात जास्त बनत होतं आणि आपलं नेहमीचं काम नीट करतही होतं, त्या उंदरांना झाला. विकर कमी पडत नव्हतं. त्याचा आकार चुकीचा दुमडला जात होता, आणि तेच पेशीला घातक ठरत होतं. या रुग्णांसाठी टोफर्सेन नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते पाठीच्या कण्यातल्या पाण्यात टोचतात. ते काम करतं एवढंच, की शरीराला हे एसओडी कमी बनवायला लावतं.

आता प्रश्न घेऊ.